नॉर्मल म्हणजे किती?

तुमचे बाबा कॉलेजात असताना रंकाळ्यावर लुना किंवा राजदूत फिरवत असतील, तर तिच्या धुरातून शिसं बाहेर पडत होतं. पेट्रोलमध्येच ते मिसळलेलं असायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर हे पेट्रोल बंद झालं. (शिसपेन्सिलीत मात्र शिसं नसतंच, ते ग्राफाइट!) जगभर हे घडण्यात मोठा वाटा होता क्लेअर पॅटरसन यांचा.

जन्म १९२२चा, अमेरिकेतल्या आयोवामधला. महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलं. मग शिकागो विद्यापीठात पीएचडी करताना खडकातलं शिसं मोजायचं काम आलं. पण दरवेळी आकडा भलताच जास्त. शिसं हवेतून, धुळीतून, अगदी केसांतून नमुन्यात शिरत होतं. शेवटी कॅलटेकमध्ये त्यांनी धुळीचा कण टिकणार नाही अशी प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली उल्केवरून पृथ्वीचं वय सांगितलं: ४५५ कोटी वर्षं. आजही पुस्तकात जवळपास हाच आकडा आहे.

एवढ्यावर कुणीही आयुष्यभर सत्कार घेत फिरला असता. पॅटरसनना मात्र ती धूळ सोडेना.

त्या काळी उद्योगांचे तज्ज्ञ रॉबर्ट केहो सांगायचे, १०० मिलिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालतं. साधारण माणसात २५च्या आसपास सापडायचं, म्हणून ते ‘नॉर्मल’. १९६५ मध्ये पॅटरसननी इथेच बोट ठेवलं. सगळ्यांत सापडतं म्हणून ते नैसर्गिक कसं? त्यांच्या हिशेबाने माणसाच्या अंगातलं शिसं मूळच्या १०० पट झालं होतं. आता तुम्हीच सांगा, तुलनेला स्वच्छ माणूस आणायचा कुठून? जिवंत तर कुणीच उरला नव्हता. पुढे त्यांनी पेरूमधली प्राचीन हाडं तपासली. आजच्या हाडांत शिसं शेकडो पट निघालं.

याची किंमत मोजावी लागलीच. तेल कंपन्यांचा पैसा आटला. १९७१च्या सुमारास हवेतल्या शिशावर राष्ट्रीय समिती बसली, तीत या विषयातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला जागा नव्हती!

५ डिसेंबर १९९५ ला ते गेले. महिन्याभरात अमेरिकेत गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. लहान मुलांच्या रक्तासाठीचा आकडा तिथे ६० वरून २०२१ मध्ये ३.५ पर्यंत उतरला. गंमत बघा, हा ३.५ही ‘इतकं सुरक्षित’ म्हणून ठरलेला नाही. सर्वाधिक शिसं असलेली अडीच टक्के मुलं वेगळी काढण्याची ती रेघ आहे. म्हणजे मोजपट्टी पुन्हा लोकांचीच, तब्येतीची नाही.

सध्या हाच वाद नॉनस्टिकवाल्या, सहजासहजी विघटन न होणाऱ्या ‘पीफास’ रसायनांवर चालू आहे. जर्मनीच्या आयोगाने तब्येतीचा विचार करून रेघ आखली: मिलिलिटरभर रक्तात पीएफओए २ नॅनोग्रॅम, पीएफओएस ५. त्याच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. आणि या रसायनांचा लवलेश नसलेलं रक्त? ते संशोधकांना सापडलं कोरियन युद्धाच्या सुमारास भरती झालेल्या सैनिकांच्या, साठवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत.