राजा परवडतो का?

बचत गटाच्या आम्ही बायका मध्यंतरी राजगडावर गेलो होतो. पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीला हात जोडले आणि भाकरी सोडल्या. तेवढ्यात वेल्ह्याच्या एका आजींनी विचारलं, एवढा गड बांधला, एवढी माणसं पोसली, तो पैसा आपल्यासारख्यांच्या शेतातूनच गेला ना? मग राजा परवडला का?

मी चपापले. महाराजांबद्दल असं विचारायचं? पण प्रश्न खरा होता.

शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवरायांनी तोरणा घेतला, मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा राजगड उभारला आणि सुमारे पाव शतक इथूनच कारभार केला. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून ते इथेच परतले. १६७० मध्ये राजाराम महाराज इथेच जन्मले. गड, घोडदळ, पुढे १६७४ चा राज्याभिषेक, सगळ्याला पैसा लागलाच. पिकाचे पाच वाटे केले तर दोन सरकारचे आणि तीन रयतेचे. हे काही थोडं नव्हे.

पण आधी देशमुख-पाटील मनाला येईल तसं उकळायचे. महाराजांनी जमीन मोजून घेतली आणि सारा ठरवून दिला. शिपायाला पगार शक्यतो रोख दिला. १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीला त्यांनी लेखी ताकीद दिली, की दाणा, वैरण, लाकूड, भाजी सगळं विकत आणा, रयतेकडून ओरबाडू नका. १६७६ च्या पत्रात सुभेदाराला सांगितलं, की ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्या, खायला धान्य द्या आणि वसुली त्याला झेपेल तशी हळूहळू करा. आपल्या गटाचं कर्ज तरी वेगळं काय असतं?

१६८० साली महाराज रायगडावर गेले. पुढे आमच्या भोरला पंतसचिवांचं संस्थान आलं, १९४८ मध्ये तेही विलीन झालं. राजे गेले, कर राहिला. साबणाची वडी घेतली तरी आपण तो भरतोच.

उतरताना मी आजींना म्हटलं, तो राजा परवडला, कारण घेतलेल्या दाण्याचा हिशेब त्याने आधी स्वतःच्या माणसांकडून मागितला. आजी हसल्या. म्हणाल्या, मग आपणही मागू की ग्रामसभेत!

पुढच्या ग्रामसभेला आम्ही सगळ्या जाणार आहोत. तुम्हीही तुमच्या गावच्या सभेला जा.