जुन्या बाजारातले यंत्र आणि बाबूराव पेंटर

गेल्या उन्हाळ्यात मी एक वापरलेली वाइड अँगल लेन्स विकत घेतली आणि फसलो. हुपरीच्या माणसाला चांदीतली भेसळ कळते. काचेतली कळतेच असे नाही. लेन्स मला इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातल्या छायाचित्रांसाठी हवी होती. त्या प्रकाशात हिरवागार ऊस बर्फासारखा पांढरा येतो आणि निळे आकाश काळे पडते. काच स्वच्छ होती, बुरशी नव्हती, इन्फ्रारेड फोकसची तांबडी खूणही होती. पण छिद्र लहान केले की फोटोच्या मधोमध उजेडाचा गोल डाग! हा दोष साध्या फोटोत दिसत नाही. घेण्याआधीच इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर लावून, एफ-११ आणि एफ-१६ वर चार फोटो काढून पाहायला हवे होते. विकणाऱ्याने अर्थातच हात वर केले.

कोल्हापुरातून रिकाम्या हाताने परतताना खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ दिसला आणि बाबूराव पेंटर आठवले. त्यांची सुरुवातही जुन्या बाजारातूनच झाली होती.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. ते आणि आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. म्हणून दोघेही पेंटर. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि हे दोघे सिनेमाने झपाटले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला. त्यावर ते चित्रपट दाखवीत आणि चित्र हलते कसे, याचाही अभ्यास करीत. मग आनंदरावांनी कॅमेराच बनवायला घेतला. तो पुरा होण्याआधी, १९१६ साली, ते गेले.

दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूरावांनी शिष्य दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हीच दोन वर्षे सर्वांत मोठी वाटतात. पैसा उभा राहिला तो तानीबाई कागलकर या गायिकेमुळे, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. स्त्रियांच्या भूमिका त्यात स्त्रियांनीच केल्या होत्या. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. कुंकू काळे येई, निळे आकाश पांढरेफटक. माझ्या इन्फ्रारेडच्या नेमके उलट! रंगांवर जगणाऱ्या चित्रकाराला आपला देखावा या आंधळ्या डोळ्याने पाहावा लागला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांचा वापर केला, १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी आणला. तो तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले, ‘प्रभात’ निघाली, आणि शिष्य गुरूपेक्षा मोठे झाले. बाबूराव पुढे बोलपटांतही रमले नाहीत. ओढा चित्र-शिल्पांकडेच राहिला. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

‘सैरंध्री’ आज कुठेही पाहायला मिळत नाही. मूक ‘सावकारी पाश’ही नाही. मूकपटांच्या फिती आगीत गेल्या, कुजल्या, आणि कित्येक तर त्यांवरची चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या. चित्र उमटायचे ते चांदीच्या क्षारांमुळे, आणि चांदीपायीच ते जायचे. आमच्या गावात मुशीत चांदी वितळताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मोड कुठून आली, हे तिथे कोणी विचारीत नाही. हे कळल्यापासून मात्र मुशीकडे पाहिले की मला कोल्हापुरातली ती न पाहिलेली द्रौपदी आठवते.

लेन्स मी परत विकली नाही. एका रविवारी तिचे स्क्रू काढून ती उघडली. डाग कशामुळे पडतो, ते अजून सापडलेले नाही, आणि आतले एक कडे परत बसवायचे राहिले आहे.