बांधावरून दिल्लीकडे पाहणारा नियोजनकार

रविवारी निवांतपणे चहा घेताना, त्यातल्या साखरेशी एका अर्थशास्त्रज्ञाचे नाते आहे, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. धनंजयराव गाडगीळ हे त्यांचे नाव.

नाशिक येथे १० एप्रिल १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. नागपुरात शालेय शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले. तिथल्या अभ्यासातून साकारलेला भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. असा विद्वान पुस्तकांतच रमायचा. पण १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळांनी तिथल्या अभ्यासकांना थेट शेताच्या बांधावर नेले. वाई तालुक्यातल्या शेतीची त्यांनी पाहणी केली. मग गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभ किती, याचाही हिशेब मांडला. गाव आधी नीट मोजावे आणि मगच योजना आखावी, असा त्यांचा आग्रह होता.

प्रवरेच्या काठी पाणी आले, ऊस आला. पण गुळाचे भाव कोसळले की शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहायचा. साखरेचा नफा खासगी कारखान्यांकडे जायचा. यावर लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखान्याचा मार्ग धरला आणि गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. फारसे न शिकलेला शेतकरी आणि केंब्रिजचा पदवीधर एकाच कामाला जुंपले. वैकुंठभाई मेहतांचे पाठबळ मिळाले. १९५०-५१च्या हंगामात गाळप सुरू झाले आणि नफ्याचा वाटा गावात राहू लागला. त्यातून पुढे शाळा आणि दवाखानेही उभे राहिले.

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची, याचे ठरावीक निकष तोवर नव्हते. १९६९च्या गाडगीळ सूत्राने ते घालून दिले. साठ टक्के वाटा लोकसंख्येवर ठरला आणि दहा टक्के गरीब राज्यांसाठी. त्याच वर्षी जिल्हा योजनांसाठी आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि त्यांच्या अभ्यासगटाच्या सूचनेतून अग्रणी बँक योजनाही आली.

पद सोडून पुण्याला परतताना, ३ मे १९७१ रोजी, रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

सूत्राने राज्याराज्यांतील वाटणीला शिस्त आली. राज्याच्या पोटातील विषमता मात्र राहिली. ती मोजण्यासाठी १९८३ साली महाराष्ट्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष वि. म. दांडेकर हे गोखले संस्थेत गाडगीळांनंतर संचालक झालेले. नियोजन आयोगही २०१५ साली इतिहासजमा झाला.

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या कोरडवाहू गावांतली कुटुंबे पोराबाळांसह ऊसतोडीला निघतात. कालव्याकाठच्या गावाला कारखान्याने सावरले. कालवाच न पोहोचलेल्या गावाचे काय, या प्रश्नाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. तो पुरा करायचा तर गाडगीळांसारखे पुन्हा बांधावरच जावे लागेल.