यंत्राची वाट पाहणे आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यकारी मंडळाने मला सुचविले. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण भगिनी दरवर्षी वाचतोच. या खेपेस मी एका कारखानदाराचे चरित्र निवडले आहे, याचे काहीजणींना नवल वाटेल. पण त्याचे कारण आमच्या घरातच घडले, म्हणून ते आधी सांगते.

बिलोलीत आमचे नांगर, पेरणीयंत्रे व ट्रॅक्टरचे सुटे भाग दुरुस्त करण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. मुलाने कर्ज काढून परदेशातून नवे लेथ यंत्र मागविले. तीन महिन्यांत येईल असे व्यापाऱ्याने सांगितले होते. तिनाचे पाच झाले, पाचाचे आठ झाले. आज कारखान्यातच माल शिल्लक नाही, उद्या जहाजात जागा नाही, परवा बंदरात अडकले आहे, अशी दर महिन्यास नवी बातमी येई. बँकेचा हप्ता मात्र न चुकता जाई. यंत्रासाठी बांधलेला सिमेंटचा चौथरा रिकामाच होता. त्यावर मी पापड वाळत घालू लागले. शेजारणी आपुलकीनेच विचारीत, पण उत्तर देता देता जीव कंटाळून जाई. शेवटी एके दिवशी मी मुलावर रागावले आणि हा व्यवहार मोडून टाक म्हणून त्यास सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. उठला आणि जुने यंत्र चालू करून कामाला लागला.

हे जुने यंत्र यजमानांनी फार पूर्वी कोणाकडून तरी वापरलेले घेतले होते. त्यावर किर्लोस्कर हे नाव आहे. इतकी वर्षे त्याच्या मिळकतीवर घर चालले, पण ते नाव कोणाचे, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्या दिवशी तो केला आणि वाचनालयातून लक्ष्मणरावांविषयी जे मिळाले ते आणून वाचले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासापेक्षा चित्रकलेची ओढ अधिक, म्हणून ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही असे लक्षात आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, रेघा लागतात. ते यंत्रांची चित्रे काढावयास शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. वर्ग सुटल्यावर ते तेथील कार्यशाळेत रमत. यंत्रे कशी चालतात हे स्वतः हात घालून पाहत आणि परदेशी यंत्रविषयक मासिके व माहितीपत्रके वाचून काढीत.

त्यांच्या आयुष्यात वाट पाहण्याचे प्रसंग वारंवार आले. पहिला प्रसंग बढतीचा. हक्काची जागा येईल म्हणून ते थांबले होते; ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. तेथे बंधू रामूअण्णांसमवेत त्यांचे सायकलींचे दुकान होतेच. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना चालवावयास शिकविणे हा त्यांचा धंदा. पण दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यात त्यांचे समाधान होईना. त्यांनी लहानशा सामग्रीवर कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि पुढे लोखंडी नांगर केला.

दुसरी वाट गिऱ्हाइकाची. लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा त्या वेळी समज होता. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली! भगिनींनो, आपल्या बचतगटाचे लोणचे दोन आठवडे पडून राहिले तर आपण हवालदिल होतो. दोन वर्षे नांगर अंगणात गंजत ठेवून ज्या घराने दिवस काढले असतील, त्या घरातील राधाबाईंचा, म्हणजे लक्ष्मणरावांच्या पत्नीचा, विचार माझ्या मनात सारखा येत होता.

पुढे बेळगावची जागा सोडणे भाग पडले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ, सापांचे माहेरघर. १९१० च्या मार्च महिन्यात तेथे काम सुरू झाले आणि वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' आणि १९३० साली शंकरराव किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक निघाले. त्या मासिकाने महाराष्ट्रातील किती घरांच्या माजघरात नवा विचार नेला, हे जुन्या वाचकांस सांगावयास नको.

तिसरी वाट मालाची. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. नांगराचे भाग ओतण्यासाठी लागणारे कच्चे लोखंड तोवर विलायतेहून येई. ते येईनासे झाले. जहाजे युद्धाच्या कामी लागली होती. युद्ध संपेपर्यंत भट्टी विझवून बसावे, तर कामगारांच्या चुली विझणार. लक्ष्मणरावांनी देशातच लोखंड धुंडाळले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या तोफा वितळवून नांगर झाले. शेतकऱ्याची जाण असलेला राजा आणि हिकमती कारखानदार असे दोघे भेटले, म्हणूनच हे घडले.

चौथी वाट मात्र सर्वांत अवघड. ती यंत्राची. लेथ यंत्र म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. आपण विळीवर बटाटा फिरवीत सोलतो. पाते जागेवर राहते आणि बटाटा फिरतो. लेथवर तसेच लोखंड फिरते आणि धारदार हत्यार त्याचे साल काढते. लाटण्यासारखा गोल दांडा, मळसूत्र, कणा हे सारे त्यावर होते. पण खुद्द लेथचा कणा आणि मळसूत्र तयार करावयासही दुसरे अचूक लेथच लागते. विरजण लावावयास आधीचे दही पाहिजे, तसेच हे. म्हणून आपला देश कितीतरी काळ इंग्लंड, अमेरिका व जर्मनीकडे तोंड करून बसला होता. मागणी नोंदवावी, पैसे भरावेत आणि आगबोटीची वाट पाहावी.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ही वाटच बंद झाली. ज्या देशांकडे यंत्रे होती, त्यांना ती स्वतःच्या शस्त्रांच्या कारखान्यांसाठी हवी होती. पण किर्लोस्करांचे विरजण आधीच तयार होते. रस काढावयाचे चरक, पंप, इंजिने करता करता ओतकाम व अचूक कातकाम कामगारांच्या हातात बसले होते. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन १९२६ साली परतले होते. १९४१ साली म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे लेथ यंत्रांसाठी स्वतंत्र कारखाना निघाला. त्या वर्षी लक्ष्मणराव बहात्तर वर्षांचे झाले होते. तो कारखाना या शतकाच्या सुरुवातीस बंद पडला. पण त्याची यंत्रे अजून गावोगावी फिरत आहेत.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि थोड्याच आठवड्यांत तो मुंबई राज्यात येणार होता. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस सरकारने टपाल तिकीट काढले.

हे सारे वाचून मी एक गोष्ट ध्यानात घेतली. लक्ष्मणराव परदेशी यंत्रांच्या विरुद्ध नव्हते. त्यांनी ती पाहिली, वाचली, वापरली. पण यंत्र येईल तेव्हा काम करू, असे म्हणून ते बसले नाहीत. आणि सुटला प्रश्न एका रात्रीत, असेही कधी झाले नाही. तोफा वितळल्या, कारण तोफा वितळविणारी भट्टी व हात त्यांच्यापाशी आधीच होते. ज्याने वाट पाहण्याच्या आधी काही शिकून ठेवले नाही, त्याने निव्वळ हिंमत धरून काय होणार?

आमच्या मुलाला मी जे बोलले, ते त्यामुळे मला लागून राहिले. तो गप्प बसला होता, पण स्वस्थ बसला नव्हता. या आठ महिन्यांत त्याने जुने यंत्र पूर्ण खोलले, झिजलेले भाग बदलले, त्याची झीज मापून पाटा पुन्हा सपाट केला. दोन मुलांना काम शिकविले. सूनबाई व्हर्निअर धरून माप घ्यावयास शिकली आणि आता लहानसहान बुश ती स्वतः कातते. मृगाआधी फाळ व पेरणीयंत्राच्या दुरुस्तीला आलेल्यांपैकी कोणासही परत पाठवावे लागले नाही. हप्त्याचा भार कमी झाला असे मात्र म्हणवत नाही. तो आहेच, आणि रात्री झोप उडते ती त्यानेच.

हे लिहीपर्यंत नवे यंत्र आलेले नाही. ते बंदरात उतरले असल्याचा निरोप गेल्या आठवड्यात आला. असे निरोप पूर्वीही आले होते. मुलाची मी क्षमा मागितली नाही, आपल्याकडे आई कोठे मागते? पण चौथऱ्यावरचे पापड उचलून घेतले आणि जागा झाडून ठेवली.