डॉ. द्वारकानाथ कोटणीस : चीनमधली मराठी माणसाची समाधी

चीनमध्ये शिआन शहराजवळ छिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाची कबर आहे. सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. राजाच्या रक्षणासाठी तिथे मातीचे हजारो सैनिक पुरले होते. १९७४ मध्ये विहीर खोदताना शेतकऱ्यांना ते सापडले. आज जगभरातून लोक ते बघायला येतात.

पण त्याच देशात शिजियाझुआंग शहरात एक साधीशी समाधी आहे. ती कोणाची, सांगा बरं? आपल्या सोलापूरच्या डॉक्टरची!

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईत ते डॉक्टर झाले. तेव्हा जपानने चीनवर हल्ला केला होता. जखमींवर उपचार करायला डॉक्टर कमी पडत होते. चीनने मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते. आपल्या वर्ध्याच्या शेजारचे, नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. किती दुःख झालं असेल! तरीही ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकले. कधी गावातल्या घरात, कधी लढाईच्या जवळ त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. एकाच नावात दोन्ही देश!

पण कामाच्या ताणाने तब्येत खचत गेली. त्यांना फिट येऊ लागल्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. बाळ तेव्हा काही महिन्यांचंच होतं. पथकातले इतर चौघे पुढे मायदेशी परतले, कोटणीस मात्र तिथल्याच मातीत विसावले.

आपल्याकडे पितृपक्षात पूर्वजांची आठवण काढतात ना, तसा चीनमध्ये एप्रिलमध्ये एक दिवस असतो. त्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या कबरी झाडून स्वच्छ करतात, फुलं वाहतात. कोटणीसांच्या समाधीवरही फुलं वाहिली जातात.

मुलांनो, सम्राटाला मेल्यावरही पहारा लागला. कोटणीसांना लोकांनी आपणहून जपलं. असं का झालं असेल? विचार करा आणि पाच ओळी वहीत लिहा.