कापडी बाळंतीण: अडीचशे वर्षांपूर्वीचा मेडिकल सिम्युलेटर

सिम्युलेटर म्हटलं की आपल्याला फोनवरचा कार किंवा विमान चालवायचा गेम आठवतो. गाडी ठोकली? रिस्टार्ट करा, पुन्हा खेळा! डॉक्टर आणि नर्सच्या कामात मात्र रिस्टार्टचं बटण नसतं. म्हणूनच आज त्यांना आधी पुतळ्यावर सराव करायला लावतात. ही पद्धत कम्प्युटरच्या जमान्यातली वाटते ना? आज मी सांगणार आहे ती गोष्ट अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या एका सुईणीची आहे.

कोण होत्या मादाम द्यू कुद्रे?

आंजेलिक मार्गरीत द्यू कुद्रे १७४० मध्ये पॅरिसला परीक्षा पास होऊन परवानाधारक सुईण झाल्या. काही वर्षं तिथे काम करून त्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात गेल्या. तिथल्या खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या बायकांना कसलंच शिक्षण मिळालेलं नव्हतं. बाळ अडलं की हाताला येईल तो अवयव धरून ओढायचं! यात बाळ दगावायचं, कधी आईही जायची.

शिकवायचं ठरवलं तरी अडचण होतीच. बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे नुसत्या पुस्तकाचा उपयोग नव्हता. आणि खऱ्या बाळंतिणीवर सराव करायचा म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

मग त्यांनी 'मशीन' बनवलं

हे मशीन म्हणजे बाईच्या कमरेखालच्या भागाचा खऱ्या मापाचा पुतळा. कापड, चामडं आणि आत भरलेला कापूस. फ्रान्समधल्या रुआँच्या म्युझियममध्ये असा एक पुतळा आजही आहे. याचे मुख्य 'फीचर्स' बघा:

- दोऱ्या आणि पट्टे: ते ओढले की बाळाची वाट घट्ट किंवा सैल होते. आज ज्याला हॅप्टिक फीडबॅक म्हणतात, तेच काम इथे दोरी करायची.
- कापडी बाळ: हवं तसं वळवता येणारं. आडवं ठेवा, पायाळू ठेवा, प्रत्येक वेळी नवी परिस्थिती. जोडीला नाळ, वार आणि जुळी बाळंसुद्धा.
- उघडं तोंड: हे मला सगळ्यात भारी वाटलं. बाहुलीच्या तोंडात बोट जातं. कारण पायाळू बाळाचं डोकं अडकलं, तर तोंडात बोट घालून हनुवटी छातीकडे वळवायची असते.

पुढे त्यांनी रंगीत पाणी भरलेले स्पंजही जोडले. योग्य क्षणी रक्त आणि गर्भजल वाहताना दिसायचं.

राजाचा हुकूम आणि गावोगाव क्लास

१७५८ मध्ये पॅरिसच्या शस्त्रक्रिया अकादमीने मशीनला मान्यता दिली. १७५९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी राजा पंधराव्या लुईने त्यांना देशभर शिकवण्याची सनद दिली. राजाचं गणित सरळ होतं: लोकसंख्या वाढली पाहिजे, म्हणजे सैनिक आणि शेतकरी वाढतील. पण फायदा झाला तो खेड्यातल्या आयांचा.

पुढची वीसेक वर्षं त्या शहरामागून शहर फिरत राहिल्या. एक कोर्स साधारण दोन महिन्यांचा. प्रत्येकीने मशीनवर पुन्हा पुन्हा बाळंतपण करायचं, चुकलं तर परत. त्यांच्या हाताखाली सुमारे ४,००० बायका शिकल्या, असा अंदाज आहे. शिवाय त्या स्थानिक सर्जनांनाही मशीन वापरायला शिकवायच्या, म्हणजे त्या पुढच्या गावी गेल्या तरी मागे क्लास चालू राहायचा. उतारवयात त्यांनी हे काम आपल्या भाचीच्या हाती दिलं. १७९४ मध्ये बोर्दो शहरात त्यांचं निधन झालं.

आज काय?

१९६० मध्ये सीपीआर शिकण्यासाठी नॉर्वेत 'रेसुसी अ‍ॅन' हा पुतळा आला. आज सेन्सरवाले पुतळे श्वास घेतात, त्यांची नाडी लागते, रक्तस्रावही होतो. पण सगळंच महागडं नाही. 'मामानॅटली' नावाचा एक साधा सिम्युलेटर शिकवणारी व्यक्ती स्वतःच्या कमरेला बांधते आणि आपणच बाळंतीण होऊन शिकवते. त्याला ना स्क्रीन लागतो, ना वायफाय.

म्हणून माझ्या मते सिम्युलेटर किती हायटेक आहे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की शिकणाऱ्याची पहिली चूक कुठे होणार आहे? कापडावर की माणसावर? द्यू कुद्रेबाईंनी ती कापडावर होऊ दिली.