दार्जिलिंगची एकमेव रजा

श्रीलंकेच्या सहलीला गेलेला प्रवासी कँडीहून नुवारा एलियाच्या चढाला लागला की, चहाचे मळे त्याची साथ सोडत नाहीत. वाटेत एखादा कारखाना पाहायचा, कपभर चहा घ्यायचा आणि पुढे निघायचे, हा तिथला ठरलेला कार्यक्रम. ज्यांच्या हातून या डोंगरांवर चहाच्या व्यापारी लागवडीचा आरंभ झाला, त्या जेम्स टेलर यांनीही एकदा असाच डोंगरातील मळे पाहण्यासाठी प्रवास केला होता. चाळीस वर्षांच्या नोकरीतील ती त्यांची एकमेव रजा मानली जाते.

टेलर यांचा जन्म २९ मार्च १८३५ रोजी स्कॉटलंडमधील किनकार्डिनशायर परगण्यात झाला. वडील गाड्यांची चाके घडविणारे कारागीर. आई लहानपणीच वारलेली. घरची परिस्थिती बेताची होती. त्या काळी सिलोनमध्ये कॉफीची भरभराट होती आणि मळ्यांवर देखरेखीसाठी तरुण हवे असत. वार्षिक १०० पौंड पगार आणि तीन वर्षांचा करार स्वीकारून हा सोळा वर्षांचा मुलगा बोटीवर चढला. १८५२ च्या फेब्रुवारीत तो कोलंबोला उतरला आणि कँडीच्या आग्नेयेकडील लूलकंदुरा या कॉफीच्या मळ्यावर रुजू झाला. मायदेशी तो पुन्हा कधीच परतला नाही.

जंगल तोडणे, वाटा आखणे, रोपे लावणे यांत टेलर यांची उमेदीची वर्षे गेली. नव्या पिकांचा प्रयोग करण्याची त्यांना आवड होती. पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानातून मिळालेल्या सिंकोनाची लागवड त्यांनी यशस्वी करून दाखविली. १८६७ मध्ये मळ्याच्या सात क्रमांकाच्या शेतात १९ एकरांवर त्यांनी चहा लावला. सिलोनमधील चहाच्या व्यापारी लागवडीचा हा प्रारंभ. पहिला चहा त्यांच्या बंगल्याच्या ओसरीवरच तयार झाला. पाने टेबलांवर हातांनी वळली जात आणि मातीच्या चुलींवर, कोळशाच्या धगीवर तारेच्या चाळण्यांत वाळवली जात. पुढे १८७२ मध्ये मळ्यावर स्वतंत्र कारखाना उभा राहिला आणि पाने वळण्यासाठी टेलर यांनी स्वतःच्या कल्पनेने यंत्र बनवून घेतले. १८७३ मध्ये त्यांचा अवघा २३ पौंड चहा लंडनच्या बाजारात पोहोचला.

दरम्यान १८६९ पासून सिलोनच्या कॉफीवर तांबेऱ्याने आक्रमण केले होते. पानांवर नारिंगी डाग पडत आणि झाडे ओकीबोकी होत. तरीही कॉफीचा भाव चांगला असल्याने मळेवाले धोका मानायला तयार नव्हते. अशा वेळी, १८७४ मध्ये, टेलर यांनी रजा घेतली. पण ती घालविली दार्जिलिंगचे चहामळे पाहण्यात.

तो प्रवास सोपा नव्हता. दार्जिलिंगची चिमुकली आगगाडी १८८१ मध्ये सुरू झाली. १८७४ मध्ये सिलिगुडीपर्यंतही रेल्वे पोहोचली नव्हती. कलकत्त्याहून साहिबगंजपर्यंत आगगाडी, तेथून गंगेच्या पात्रातून बोट आणि पुढे बैलगाडीने किंवा पालखीने तराईचा प्रदेश ओलांडून डोंगर चढणे, हा त्या काळचा रूढ मार्ग होता. मात्र वर पोहोचल्यावर दिसणारे दृश्य चहाच्या जाणकाराला थक्क करणारे होते. त्या वर्षी दार्जिलिंगमध्ये ११३ मळे होते, १८,८८८ एकर जमीन चहाखाली होती आणि सुमारे ३९ लाख पौंड चहा निघत होता. आठ वर्षांपूर्वी, १८६६ मध्ये, तेथे केवळ ३९ मळे होते. सिलोनमध्ये जे अजून काही थोड्यांचे धाडस होते, ते येथे स्थिरावलेला व्यवसाय झाले होते.

पुढच्या दशकात कॉफी कोसळली आणि मळेवाल्यांपुढे चहावाचून पर्याय उरला नाही. ही विद्या शिकण्यासाठी अनेकांनी लूलकंदुराची वाट धरली. १८९० पर्यंत सिलोनमधून वर्षाला चार कोटी पौंडांहून अधिक चहा निर्यात होऊ लागला. त्याच वर्षी थॉमस लिप्टन हा धनाढ्य व्यापारी ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात वाट वाकडी करून सिलोनला आला आणि कॉफीच्या पडझडीमुळे स्वस्त झालेले मळे त्याने विकत घेतले. जगाच्या चहाच्या पुड्यांवर नाव झळकले ते त्याचे. टेलर अखेरपर्यंत पगारी नोकरच राहिले. लूलकंदुरा त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता.

मळेवाल्यांच्या संघटनेने चांदीचा चहाचा संच देऊन त्यांचा गौरव केला खरा. पण १८९२ मध्ये मालक कंपनीने त्यांना नोकरीतून दूर केले. चाळीस वर्षे ज्या डोंगरावर काढली, तो सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. त्यातच अतिसाराने गाठले आणि २ मे १८९२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, लूलकंदुरावरच त्यांनी देह ठेवला.

टेलर धिप्पाड होते. त्यांची शवपेटी मजुरांच्या तुकड्यांनी आळीपाळीने खांद्यावर घेऊन डोंगरवाटेने कँडीपर्यंत नेली. हे मजूर तमिळ होते. मद्रास इलाख्यातून समुद्र ओलांडून आणि मन्नारपासून रानावनांतून पायपीट करून ही माणसे कँडीच्या डोंगरांत येत. पटकी आणि उपासमारीने कित्येक वाटेतच दगावत. टेलर यांना ते आदराने सामी दोरै म्हणत. ज्यांच्या हातांनी जंगल तुटले आणि पहिली पाने वळली गेली, त्यांच्या वंशजांपैकी बहुसंख्यांना स्वतंत्र सिलोनच्या १९४८ च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले आणि त्यानंतर अनेक दशके ते बिनदेशाचे राहिले.

कँडीच्या महैयावा दफनभूमीतील टेलर यांच्या थडग्यावर चहा आणि सिंकोना या दोन्ही पिकांचे प्रवर्तक म्हणून त्यांची नोंद आहे. लूलकंदुरावर त्यांच्या लाकडी घराचे धुराडे उरले आहे आणि सात क्रमांकाचे शेत आजही दाखविले जाते. शवपेटी वाहणाऱ्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही शिळेवर नाहीत.